लोड घेत नाहीये

लॅपटॉपमधून सीडी घालायचा ट्रे गेला आणि आमच्या भाऊकाकांना सुगीचे दिवस आले.

त्याआधी ते नुसतेच निवृत्त होते. उभी हयात वीज मंडळात गेली. निवृत्तीनंतर सोसायटीच्या पंपाचा स्टार्टर, जिन्यातले दिवे, लिफ्टमधला पंखा एवढ्यावर त्यांनी काही वर्षं काढली. मग कमिटीनं ही सगळी कामं वार्षिक करारावर बाहेर देऊन टाकली. काका संध्याकाळी कट्ट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला "घरी व्होल्टेज ठीक आहे ना?" असं मोठ्या आशेनं विचारू लागले. सगळ्यांचं मेलं ठीकच असायचं.

तेवढ्यात लॅपटॉप बारीक व्हायला लागले. काकांच्या लेखी ह्या अनर्थाचा महिनासुद्धा पक्का आहे. जानेवारी 2008. स्टीव्ह जॉब्झनं भर सभेत कागदी पाकिटातून लॅपटॉप काढून दाखवला, लोकांनी टाळ्या पिटल्या आणि त्या लॅपटॉपला सीडीचा ट्रेच नाही हे टाळ्यांच्या भरात कोणी मनावर घेतलं नाही. "पाकिटात मावतो म्हणे! लॅपटॉप काय पोस्टानं पाठवायचाय?" हा प्रश्न काका अजूनही विचारतात आणि उत्तर कोणाकडेच नसतं. पुढे हळूहळू बाकीच्यांनीही तोच कित्ता गिरवला. घराघरांत लग्नाच्या, मुंजीच्या, साठीशांतीच्या डीव्हीड्या कपाटात पडून राहिल्या आणि त्या घालायला जागा उरली नाही. म्हणून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आला. त्या ड्राइव्हच्या वायरीचं तोंड जुनं, रुंद. नव्या लॅपटॉपला भोकं बारकी, सी-टाइप. म्हणून मध्ये अडॅप्टर आला. जिथे दोन वस्तूंच्या मध्ये तिसरी येते तिथे बिघाड येतो, आणि जिथे बिघाड येतो तिथे भाऊकाका येतात. त्यांना बोलवावं लागत नाही.

असा गृहस्थ तुमच्याही इमारतीत असेल. तुमच्याकडे त्याला आप्पा म्हणत असतील, किंवा तो तुमचा सख्खा मेहुणा असेल आणि मग तुमची सुटकाच नसेल.

काका येतात ते साडीच्या दुकानाची कापडी पिशवी घेऊन. पिशवीत श्रीखंडाचा डबा, डब्यात स्क्रू. एक मल्टिमीटर. मंडळाची एक जुनी डायरी, जिच्यातल्या तारखांचा आजच्या तारखेशी काडीचा संबंध नाही. आणि वायरी. प्रत्येक वायर नीट गुंडाळून, रबर लावून, तिच्यावर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर बॉलपेननं शेरा. 'चालू'. 'चालू, पण हलवू नये'. 'फक्त चार्जिंग'. आणि एक जाडसर जुडगा, 'संशयित'.

संशयित वायरी काका टाकत नाहीत. "अजून गुन्हा शाबीत झालेला नाही," म्हणतात.

'फक्त चार्जिंग'चा अर्थ त्यांनी मला एकदा समजावून सांगितला. साध्या यूएसबीच्या वायरीत चार तारा लागतात. दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. स्वस्तातल्या काही वायरींत विजेच्या दोनच घातलेल्या असतात. "म्हणजे बघ, ड्राइव्हचा दिवा लागतो, पण लॅपटॉपशी बोलणं नाही." शेजारी शेंगा सोलत बसलेल्या काकू मान वर न करता म्हणाल्या, "आमच्याकडे उलट आहे. बोलणं अखंड, दिवा काही लागत नाही."

घरात पाऊल टाकल्यावर काका यंत्राला हात लावत नाहीत. चपला दाराशी काढतात, पाणी मागतात, अर्धा पेला पितात आणि ड्राइव्हकडे लांबूनच बघत विचारतात, "काय म्हणतोय?" आपण सांगायला लागलो की हातानं थांबवतात. "थांब. शेवटचा कधी चालला होता?" आपण काहीतरी ठोकून देतो. "त्यानंतर काय बदललं?" ह्या प्रश्नाला जगातला प्रत्येक माणूस "काहीच नाही" असंच उत्तर देतो. काका डायरीत लिहून घेतात: 'काही बदलले नाही (असे म्हणतात).'

त्यांचा मुख्य दंडक असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी अडॅप्टर तोच ठेवून त्यात पेन ड्राइव्ह घालून बघायचा. तो दिसला म्हणजे अडॅप्टर निर्दोष. मग वायर. मग लॅपटॉपचं दुसरं भोक. मग डिस्क. आमच्या घरी नेमका ह्याच्या उलट स्वभावाचा माणूस आहे. माझा नवरा. एकदा काका पेन ड्राइव्हपर्यंत पोचले होते, तेवढ्यात नवऱ्यानं येऊन वायर उपटली, उलटसुलट केली, ड्राइव्हला एक टपली मारली, परत जोडली आणि डिस्क सुरू झाली. आम्ही सगळे खूश. काकांचा चेहरा मात्र पडला. "चाललं," ते म्हणाले, "पण का चाललं?" नवरा म्हणाला, "काका, चाललं ना, मग झालं." हे वाक्य काकांसमोर बोलू नये. पुढचा तासभर काकांनी तो चालणारा ड्राइव्ह पुन्हा बंद पाडण्यात घालवला. शेवटी तो बंद पडला तेव्हा "हां! आता कळलं," म्हणून समाधानानं चहा प्यायले.

ओळखीपाळखीत त्यांची ख्याती पसरलेली आहे. नागपूरहून त्यांच्या साडूंचा घाबऱ्या घाबऱ्या फोन येतो. "अहो, लग्नाच्या डीव्हीडीत ऑडिओचं फोल्डर उघडलं तर रिकामं! आवाज उडाला सगळा!" काका शांतपणे सांगतात, की व्हिडिओ डीव्हीडीत ऑडिओ टीएस नावाचं फोल्डर रिकामंच असायचं. ते दुसऱ्या जातीच्या डिस्कांसाठी राखून ठेवलेलं असतं. चित्र आणि आवाज दोन्ही व्हिडिओ टीएसमध्ये. तिथल्या फाइलीसुद्धा जास्तीत जास्त एकेका जीबीच्या, त्यामुळे नुसत्या फाइली चालवायला गेलात तर सप्तपदीची चार पावलं एका फाइलीत आणि तीन दुसऱ्या फाइलीत निघतात. "मध्ये घाबरायचं नाही. लग्न पूर्ण झालेलं आहे."

तिसऱ्या मजल्यावरच्या प्राध्यापकांचा ड्राइव्ह गाण्याची सीडी वाचायचा, पण डीव्हीडी आली की मख्ख. प्राध्यापक म्हणाले, अर्धा बिघडलाय. काका म्हणाले, "बरोबर बोललात." आत लेसर दोन असतात. सीडीचा 780 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा; डीव्हीडीचा 650 चा, लाल. एक गेला तरी दुसरा आपलं काम करत राहतो. प्राध्यापकांना अर्ध्या यंत्राचं मोठं कौतुक वाटलं. काकांनी त्यांना तो ड्राइव्ह टाकू दिला नाही. वर चिकटपट्टी लावली: 'फक्त गाणी'.

अडकलेला ट्रे उघडायचा तर पुढच्या बारक्या भोकात यू-पिन सरळ करून घालायची. पिन ऐन वेळी सापडत नाही, मग काकूंच्या बांगडीतली सेफ्टी पिन मागवली जाते. काकू दुसऱ्या मजल्यावरून पिन घेऊन येतात, पिन देतात आणि ती परत मिळेपर्यंत समोर उभ्या राहतात. पूर्वीच्या पिना त्यांना परत मिळालेल्या नाहीत.

काकांचा स्वतःचा ड्राइव्ह बघण्यासारखा आहे. जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवताना डीव्हीडी रायटर काढून त्या जागी कॅडी घातली, आणि काढलेला रायटर बाहेरच्या कव्हरात बसवायचं ठरलं. तापकीर गल्लीतून काका कव्हर घेऊन आले ते 9.5 मिलिमीटरचं. रायटर निघाला 12.7 चा. दुसरा कोणी असता तर कव्हर बदलून आणलं असतं. काकांनी झाकण न लावता दोन रबरं लावली. त्यामुळे आतलं चाक, लेसरचं भिंग, सगळं बाजूनं दिसतं, आणि त्यांना तेच हवं होतं की काय अशी मला शंका आहे. बंगळुरूच्या मुलानं हे बघून त्यांना कोरा करकरीत ड्राइव्ह पाठवला. तो खोक्यासकट कपाटात आहे. काढत का नाही विचारलं तर काका म्हणाले, "चांगला आहे गं, पण त्याला काही होतच नाही."

हाच मुलगा दिवाळीत आला की सांगतो, "बाबा, सगळं पेन ड्राइव्हवर टाकून घ्या आणि मोकळे व्हा." काका त्याच्याकडे दयेनं बघतात. "टाकायला आधी वाचता नको का यायला?"

त्यांच्या आयुष्यात एकच गोष्ट आहे जिला ते हात लावत नाहीत. डीव्हीडीच्या सिनेमांना जगाचे विभाग पाडून दिलेले असतात. अमेरिका पहिल्या विभागात, आपण पाचव्या. ड्राइव्हचा विभाग बदलता येतो, पण मोजून पाच वेळा. पाचव्यांदा जो बदलाल तो कायमचा. पुतण्यानं न्यू जर्सीहून आणलेल्या सिनेमांपायी काकांच्या चार खेपा खर्ची पडल्या. पाचवी शिल्लक आहे. त्यानंतर कितीतरी जणांनी अमेरिकन डिस्का आणल्या, हात जोडले. काका बधले नाहीत. "एक राहू दे हाताशी," म्हणतात. कशासाठी, ते त्यांनाही माहीत नसावं.

तर ह्या काकांना मागच्या श्रावणात आमच्याकडे पाचारण झालं. कारण होतं पैठणीचं. सासूबाई आणि त्यांची धाकटी बहीण यांच्यात माझ्या लग्नापासून एक वाद धुमसतोय. मावशींनी सीमांतपूजनाला नेसलेली मोरपंखी पैठणी सासूबाईंची होती आणि ती परत आली नाही, असं सासूबाईंचं म्हणणं. आपण त्या दिवशी मोरपंखी नेसलोच नव्हतो, असं मावशींचं. पुरावा एकच, लग्नाची डीव्हीडी. मावशी चार दिवस राहायला आल्या होत्या, आणि सासूबाईंनी ठरवलं की आज सोक्षमोक्ष.

मी ड्राइव्ह जोडला. दिवा लुकलुकला, डिस्क घुंई करून फिरायला लागली, मग टक, टक, टक असा आवाज आला आणि लॅपटॉपनं टुंग करून ड्राइव्ह निघाल्याचं जाहीर केलं. लगेच पुन्हा टुंग, ड्राइव्ह आला. पुन्हा टक, टक. मावशींच्या चेहऱ्यावर शांती पसरली.

पाच वाजता काका आले. पाणी, अर्धा पेला. डायरी. सासूबाई तोवर पदरानं डिस्क पुसायला लागल्या होत्या. "अहो वहिनी, गोल नाही!" काका ओरडले. डिस्कवरची रेघ आतून बाहेर गोल गोल जाते. त्या रेघेच्या दिशेनं चरा पडला तर एकाच जागची सलग माहिती जाते. आडवा पडला तर थोडी थोडी जाते, आणि तेवढी चूक यंत्र सुधारून घेतं. म्हणून मऊ फडक्यानं मधून काठाकडे सरळ पुसायचं. सासूबाईंनी डिस्क मुकाट्यानं त्यांच्या हातात दिली. डिस्कवर फोटोग्राफरनं बदामात आमचे फोटो घातलेलं स्टिकर लावलं होतं. माझ्या बाजूचं सोललं होतं. काकांनी ते टोक नखानं दाबून बसवलं. "तोल जातो. फिरताना थरथरते," म्हणाले. मग मान तिरकी करून आमच्या दोघांच्या फोटोकडे बघितलं आणि आणखी काही बोलले नाहीत.

अडॅप्टरात पेन ड्राइव्ह घातला. दिसला. अडॅप्टर निर्दोष. वायर बदलली. तेच. दुसऱ्या भोकात लावलं. तेच. मग डायरीतलं ते प्रसिद्ध पान उघडलं, ज्यावर रजिस्ट्रीत जाऊन अप्पर फिल्टर आणि लोअर फिल्टर ह्या दोन नोंदी कशा काढायच्या ते लाल शाईनं लिहिलेलं आहे. ड्राइव्ह जोडूनही लॅपटॉपला दिसत नसेल तर हा उपाय लागू पडतो. आमचा ड्राइव्ह दिसत होता, नुसता टिकत नव्हता. काकांनी पान मोठ्यानं वाचलं, "हे नव्हे" म्हणाले आणि मिटलं. मला वाटतं, त्यांना ते फक्त वाचायचं होतं.

सात वाजले. कुकर झाला. मावशींनी वरणाला फोडणी दिली आणि सहज म्हणाल्या, "जाऊ दे ना, कशाला त्रास त्यांना."

तेव्हा काकांनी मल्टिमीटर काढला. आमच्या ड्राइव्हच्या वायरीला लॅपटॉपकडच्या टोकाला दोन पाय आहेत. अडॅप्टर एकच, त्यामुळे एक पाय जोडलेला आणि दुसरा टेबलावरून लोंबकळत होता. ह्या लोंबत्या पायाकडे आमच्या घरात कोणी कधी लक्ष दिलं नव्हतं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, तो पाय डाव्या हातात धरला, त्याच्या तोंडातल्या पितळी पट्ट्यांना मीटरच्या सुया अलगद टेकवल्या आणि मला म्हणाले, "डिस्क घाल आणि आकडा वाच." मी वाचला. पाच पूर्णांक एक. डिस्क फिरायला लागली. चार पूर्णांक आठ. चार पूर्णांक पाच. चार पूर्णांक तीन. टक. टुंग.

"लोड घेत नाहीये," काका म्हणाले. हे वाक्य त्यांनी असं उच्चारलं की मावशी फोडणीची पळी हातात घेऊन बाहेर आल्या.

मग खुलासा झाला. जुन्या यूएसबीच्या भोकातून 500 मिलिअँपिअर मिळायचे. डिस्क ठप्प असताना ती फिरवायला ड्राइव्हला क्षणभर त्याच्या दुप्पटही लागू शकतात. म्हणून वायरीला दोन पाय दिले. एकातून माहिती आणि वीज, दुसऱ्यातून नुसती वीज. लॅपटॉपचं भोक नवं असलं म्हणून काय झालं, मधल्या बारक्या अडॅप्टरातून आणि लांब वायरीतून येता येता व्होल्टेज पडतंय. "दुसरा पाय उपाशी ठेवलात तर तो उभा कसा राहील?" असं म्हणून काकांनी शर्टाच्या खिशातून मोबाइलचा चार्जर काढला, भिंतीत लावला आणि लोंबता पाय त्यात खोचला.

घुंई. टक नाही, टुंग नाही. ड्राइव्ह फिरत राहिला. चित्र आपोआप आलं नाही, कारण विंडोज 8 पासून डीव्हीडीचा सिनेमा दाखवायची सोय विंडोज स्वतःबरोबर देत नाही. व्हीएलसी उघडलं आणि आमच्या हॉलमध्ये सनई वाजायला लागली.

सगळे लॅपटॉपसमोर गोळा झाले. पंगतीत तोंडात जिलबी कोंबलेले नातेवाईक, रुखवताचा अर्ध्या तासाचा संथ फेरा, वरातीत नाचणारे आणि आता गुडघे बदललेले मामा. सीमांतपूजन आलं. मावशी समोरून चालत आल्या. सासूबाई खुर्चीच्या टोकाशी सरकल्या. आणि बरोबर त्या क्षणी फोटोग्राफरनं कॉम्प्युटरमधून गुलाबाच्या पाकळ्यांचा पाऊस पाडला. पाकळ्या थांबल्या तेव्हा मावशी फ्रेमबाहेर गेल्या होत्या. "बघ," दोघी एकदम म्हणाल्या.

ह्या सगळ्यात काका कुठे होते? ते कोपऱ्यात बसून वायरीवर चिकटपट्टी लावत होते: 'दोन्ही पाय जोडणे'. पडद्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. मी म्हणाले, "काका, तुम्ही पण आहात बघा ह्यात, अक्षता टाकताय." "असेन," ते म्हणाले आणि पिशवी आवरून निघाले. चालू झालेल्या यंत्रात त्यांना पाहण्यासारखं काही उरत नाही.

दुसऱ्या दिवशी मी चार्जर परत द्यायला गेले. काकू म्हणाल्या, "ठेव तिथे. काल निघतानाच खिशात घातला होता. 'सप्लायचंच असणार' म्हणाले."

"निघतानाच माहीत होतं? मग दोन तास ते अडॅप्टर, वायर, रजिस्ट्री..."

"अगं, पहिल्यांदाच सांगितलं असतं तर सव्वापाचला घरी परत आले असते," काकू म्हणाल्या. "मग त्यांनी काय केलं असतं? आणि मी?"

पुढचा आठवडाभर काका जिन्यात भेटले की विचारायचे, "ड्राइव्ह काय म्हणतोय?" मी उत्साहानं सांगायची, "एकदम मस्त चाललाय, काका!" "असं? चांगलंय," म्हणत ते खाली उतरायचे, आणि आदल्या दिवशीपेक्षा जरा हळूच उतरायचे. एकदा तर दारापर्यंत आले, मी तेच उत्तर दिलं, आणि ते वळले तोच आतून सासूबाईंचा आवाज आला.

"भाऊ, तुम्हीच का? बरं झालं आलात. ती मुंजीची सीडी काही केल्या लागत नाहीये हो!"

मुंजीची सीडी माळ्यावरच्या ट्रंकेत होती. ट्रंकेवर गाद्या होत्या. तिला वर्षानुवर्षं कोणी हात लावलेला नव्हता. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

काकांच्या चपला निघाल्या होत्या. "शेवटची कधी चालली होती?"

"मागच्याच महिन्यात."

"त्यानंतर काय बदललं?"

"काहीच नाही."

काकांनी पेला तोंडाला लावला, अर्धा संपवला आणि खिशातली डायरी काढली. "नेमकं काय होतंय, वहिनी?"

"लोड घेत नाहीये," सासूबाई ठामपणे म्हणाल्या.